आयोवाचा आकडा: 808 माणसं आणि 16 टक्क्यांची चूक

3 नोव्हेंबर 2024, रविवार, भाऊबीज. ओवाळणीचं ताट मांडत होते, तेवढ्यात अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डे मॉइनला राहणाऱ्या मामेभावाचा मेसेज आला. सोबत अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या एका मतचाचणीचं चित्र: निळ्या पट्टीवर हॅरिस 47, लाल पट्टीवर ट्रम्प 44, वर मोठ्या अक्षरांत ‘आयोवा’. खाली त्याने लिहिलं होतं, ‘ताई, आयोवा पलटतंय. सेल्झरबाई कधी चुकत नाहीत.’ सेल्झर म्हणजे ही चाचणी घेणाऱ्या बाई.

दुपारची जेवणं होईपर्यंत तेच चित्र आणखी दोन ग्रुपांवरून फिरत माझ्याकडे परत आलं. एकावर ओळ होती, ‘आयोवा असं तर विस्कॉन्सिन गेलंच ट्रम्पच्या हातून’. दुसऱ्यावर, ‘हॅरिस जिंकल्यात जमा, लिहून ठेवा’. किती लोकांना विचारलं, कोणत्या तारखांना विचारलं, चूक किती धरायची, यातलं काहीच चित्रावर नव्हतं.

मंगळवारी, 5 तारखेला मतदान झालं. आयोवात ट्रम्प यांना 55.7 टक्के मतं पडली, हॅरिस यांना 42.5 टक्के. चाचणी म्हणत होती हॅरिस 3 ने पुढे. प्रत्यक्षात ट्रम्प 13 ने जिंकले. आकडा 16 टक्क्यांनी चुकला.

या चुकीतून लोकांनी दोन निष्कर्ष काढले आणि ते आजही ऐकू येतात. एक, सगळ्या मतचाचण्या थापा असतात. दुसरा, हे मुद्दाम केलं होतं. मला दोन्ही पटत नाहीत. मी या प्रकरणाचं जे काही वाचलं, तपासलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की हा आकडा प्रामाणिकपणे काढला होता, प्रामाणिकपणे छापला होता, आणि तो साफ चुकीचा होता. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

आधी आयोवा. मक्याचं, सोयाबीनचं, डुकरांच्या गोठ्यांचं राज्य. अध्यक्ष निवडणाऱ्या 538 मतांपैकी इथली फक्त 6. ओबामा इथे 2008 आणि 2012 दोन्ही वेळा जिंकले, मग 2016 आणि 2020 मध्ये ट्रम्प. 2024 मध्ये हे राज्य अटीतटीच्या यादीत नव्हतंच, त्यामुळे इथे चाचण्याही फारशा होत नव्हत्या. आजूबाजूला ताडून पाहायला दुसरे आकडे कमी, आणि जे होते त्यात ‘आयोवा पोल’ सगळ्यांत जुना: ‘डे मॉइन रजिस्टर’ हे वर्तमानपत्र 1943 पासून तो घेत आलं होतं.

हे काम अनेक वर्षं ॲन सेल्झर यांच्याकडे होतं. डे मॉइनमध्ये त्यांची स्वतःची छोटी संस्था. त्यांचं नाव झालं ते 2008 च्या कॉकसमुळे, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला भरणाऱ्या मतदारांच्या सभांमुळे. त्याआधी, 2007 च्या 31 डिसेंबरला, त्यांनी आकडा दिला: ओबामा 32, हिलरी क्लिंटन 25, एडवर्ड्स 24. कॉकसला जाणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के लोक पहिल्यांदाच जाणार आहेत, असंही त्या चाचणीत दिसत होतं. प्रतिस्पर्धी प्रचारपथकांनी उघडपणे म्हटलं की असं कधी झालेलं नाही, होणार नाही. तीन दिवसांनी ओबामा जिंकले आणि नवी माणसं खरोखरच रांगा लावून आली.

सेल्झर यांची पद्धत यातून समजते. बहुतेक संस्था मागच्या निवडणुकीत कोण आलं होतं हे पाहून यंदा कोण येईल याचा साचा बनवतात आणि मिळालेली उत्तरं त्या साच्यात बसवतात. सेल्झर साचा मानत नसत. वय, स्त्री-पुरुष प्रमाण आणि राज्यातले चार मतदारसंघ एवढ्यापुरताच हिशेब जुळवायचा. मागच्या वेळी मत कुणाला दिलं, शिक्षण किती, पक्ष कोणता, यावरून आकडे हलवायचे नाहीत. कोण मतदान करणार, हे मतदारच सांगतील. त्यांचं म्हणणं असं की मागे बघून पुढचं सांगता येत नाही. येणारी निवडणूक नवी असते, तिला नवं असू द्यावं.

ही पद्धत 2016 मध्ये चालली, 2020 मध्येही चालली. दोन्ही वेळा त्यांनी ट्रम्प 7 ने पुढे दाखवले, इतर अनेक जण लढत अटीतटीची सांगत असताना. ट्रम्प 2016 मध्ये साधारण साडेनऊने आणि 2020 मध्ये आठने जिंकले. गोऱ्या कामगारवर्गाचा शेजारच्या विस्कॉन्सिनमधलाही कल त्या आकड्यांत आधी दिसला होता. त्यामुळे 2024 च्या मतदानाआधीच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सेल्झर काय सांगतात, याची वाट केवळ आयोवावाले नव्हे, सगळे राजकीय पत्रकार बघत होते.

पण ‘कधी चुकत नाहीत’ हे खरं नव्हतं. 2004 मध्ये त्यांचा शेवटचा आकडा केरी यांना पुढे दाखवत होता, बुश थोडक्यात जिंकले. 2018 च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांनी डेमोक्रॅट फ्रेड हबेल 2 ने पुढे दाखवले, किम रेनॉल्ड्स जवळपास 3 ने जिंकल्या. हे काही गुपित नव्हतं. मामेभाऊ 2018 मध्ये आयोवातच होता, त्यालाही ते आठवलं नाही. बरोबर आलेलं भाकीत लोकांच्या लक्षात राहतं, चुकलेलं विसरलं जातं, आणि मग एखाद्याच्या नावापुढे ‘कधीच’ हा शब्द चिकटतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. 28 ते 31 ऑक्टोबर असे चार दिवस क्वांटेल रिसर्च या संस्थेच्या माणसांनी लँडलाइन आणि मोबाइल नंबरांवर फोन केले. ज्यांनी आधीच मत दिलं आहे किंवा जे नक्की देणार म्हणाले, असे 808 जण मोजले. हॅरिस 47, ट्रम्प 44, आणि 3 टक्के रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांना, जे रिंगणातून बाहेर पडले होते पण आयोवाच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव शिल्लक होतं. सेल्झर यांच्याच सप्टेंबरच्या चाचणीत ट्रम्प 4 ने पुढे होते. जूनमध्ये, बायडन उमेदवार असताना, तर 18 ने.

सगळ्यांची नजर गेली ती पोटातल्या आकड्यांवर. 65 च्या पुढच्या बायकांमध्ये हॅरिस 63, ट्रम्प 28. दुपटीहून जास्त. कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या बायकांमध्ये 57 विरुद्ध 29. आणि याला कारणही हाताशी होतं: सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा आयोवाचा कायदा त्याच वर्षी 29 जुलैला लागू झाला होता. आज्या चिडल्या आहेत, नातींच्या हक्कांसाठी मत देत आहेत, अशी गोष्ट एका रात्रीत तयार झाली. सेल्झर यांनीही मुलाखतींमध्ये या कायद्याकडे बोट दाखवलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. आकड्याला कारण मिळालं की तो आकडा जास्त खरा वाटू लागतो. 808 माणसांत 65 च्या पुढच्या बायका किती असतील? दीडशेच्या आसपास धरा. दीडशे बायकांच्या उत्तरांवर देशाची कहाणी उभी राहिली. ती कहाणी इतकी पटण्यासारखी होती की दीडशेचा विचार कुणी केला नाही.

आणि त्याच शनिवारी आयोवाचीच दुसरी चाचणी आली होती, एमर्सन कॉलेजची. तिच्यात ट्रम्प 53, हॅरिस 43. निकालाच्या खूप जवळची. आमच्या कुठल्याच ग्रुपवर ती आली नाही. त्यात नवल नव्हतं: ट्रम्प आयोवात 10 ने पुढे, ही काही बातमी नव्हे. जे अपेक्षित आहे ते कुणी पुढे पाठवत नाही. ऑनलाइन माहितीत खोटं किती असतं यावर आपण बोलतो, पण खरी आणि कंटाळवाणी माहिती वाटेतच गळते, हे त्याहून जास्त वेळा घडतं.

आकड्याने दोन-चार दिवसांत काय काय केलं पाहा. ट्रम्प जिंकण्यावर पैसे लावणाऱ्या ऑनलाइन सट्टाबाजारांत त्यांचा भाव त्या रात्री घसरला. ट्रम्प यांनी स्वतःच्या समाजमाध्यमावर सेल्झर यांना ट्रम्पद्वेष्ट्या म्हटलं आणि मागच्या वेळीही त्या पूर्ण चुकल्या होत्या असं लिहिलं. ते धादांत चूक होतं, कारण मागच्या वेळी त्यांनी ट्रम्पच पुढे दाखवले होते. दुसरीकडे हॅरिस समर्थकांनी आयोवाच्या आकड्यावरून गणित मांडलं: आयोवा 3 ने आपलं, म्हणजे विस्कॉन्सिन 8 ने, म्हणजे मिशिगन, म्हणजे सगळंच. प्रत्यक्षात विस्कॉन्सिन ट्रम्प यांनी 1 टक्क्याहून कमी फरकाने जिंकलं. भारतात मतदान संपण्याआधीचे शेवटचे 48 तास टीव्हीवर मतचाचण्या दाखवायला बंदी असते. अमेरिकेत तशी काही बंदी नाही. शनिवारी छापलेला आकडा सोमवारी रात्रीपर्यंत मोकाट धावत होता.

त्या गदारोळात निवडणुकांचं गणित मांडणारे नेट सिल्व्हर शांतपणे सांगत होते की पैज लावायचीच तर या वेळी सेल्झर बहुधा चुकतील. त्यांच्या प्रारूपात तो आकडा घालूनही आयोवात ट्रम्पच पुढे राहिले. वाचकाने करायचं ते हेच होतं, एका आकड्याला सगळ्या आकड्यांमध्ये नेऊन बसवायचं. पण सरासरीचं चित्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग चुकलं कुठे?

रजिस्टरच्या मतचाचणीच्या बातमीखाली नेहमी बारीक टायपात एक परिच्छेद असायचा. त्यात लिहिलेलं असायचं की हीच चाचणी याच पद्धतीने पुन्हा पुन्हा घेतली तर 20 पैकी 19 वेळा उत्तर खऱ्या आकड्यापासून 3.4 टक्क्यांहून जास्त दूर जाणार नाही. हे 3.4 प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागतात. दोघांमधल्या फरकाला साधारण दुप्पट, म्हणजे साडेसहाच्या आसपास. हॅरिस 3 ने पुढे याचा अर्थ साडेतीनने मागेही असू शकतात, इतकंच काय ते ठाम. पण 16 ची चूक साडेसहात बसत नाही. निव्वळ नशिबाने अशी चूक व्हायची शक्यता जवळजवळ शून्य आहे. म्हणजे गडबड नमुना किती मोठा होता यात नव्हती, नमुन्यात कोण आलं यात होती.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आपण. ती खरी ठरते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर. पातेलं एका बाजूने लागलं असेल आणि आपण शीत दुसऱ्या बाजूचं उचललं असेल, तर कितीही शितं दाबून बघा. ‘20 पैकी 19 वेळा’ या वाक्यात गृहीत धरलेलं असतं की फोन गेलेला प्रत्येक जण उत्तर द्यायला सारखाच तयार आहे. आणि तो तसा नसतो. प्यू रिसर्च सेंटरच्या नोंदींनुसार त्यांच्या टेलिफोन चाचण्यांना प्रतिसाद देणाऱ्यांचं प्रमाण 1997 मध्ये 36 टक्के होतं, 2018 मध्ये 6 टक्के.

मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणासाठी फॉर्म घेऊन सातारा जिल्ह्यात दारोदार हिंडले आहे. सकाळी अकरा ते चार. दार उघडायची ती म्हातारी माणसं आणि घरी असलेल्या बायका. चहा द्यायचे, बस म्हणायचे, विचारलेलं सोडून आणखी दहा गोष्टी सांगायचे. कारखान्यावर गेलेला, रानात गेलेला माणूस माझ्या फॉर्मवर आलाच नाही. आठवड्याच्या शेवटी माझ्याकडे ठरलेले तीनशे फॉर्म पूर्ण भरलेले होते, सगळे खरे, आणि गावाचं चित्र त्यात नव्हतं.

आयोवासाठी मी कागदावर एक साधं गणित करून पाहिलं. समजा ट्रम्प समर्थकांपैकी दर शंभरात 5 जण फोनवर बोलायला तयार झाले, आणि हॅरिस समर्थकांपैकी दर शंभरात 7. बस, एवढाच फरक. आता खरा निकाल घ्या: 55.7 गुणिले 5 म्हणजे 278.5. 42.5 गुणिले 7 म्हणजे 297.5. या दोघांचं प्रमाण 44 आणि 47 च्या प्रमाणाइतकंच येतं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी आकडा वाढवला नाही, शंभरातल्या दोन जास्त माणसांनी फोनवर उत्तर दिलं आणि 13 चा पराभव 3 ची आघाडी झाला. प्रत्यक्षात पाच-सातच होते असं माझं म्हणणं नाही. पण चूक किती लहान फटीतून आत येऊ शकते, ते यातून दिसतं.

2024 मध्ये बहुतेक संस्थांनी ही फट बुजवायचा उपाय केला होता. 2016 आणि 2020 मध्ये ट्रम्प समर्थक कमी मोजले गेल्याने हात पोळले होते. 2020 च्या राष्ट्रीय चाचण्यांची चूक तर 40 वर्षांतली सर्वांत मोठी होती. म्हणून त्या विचारत, ‘मागच्या वेळी मत कुणाला दिलंत?’ आणि मागच्या निकालाशी जुळेपर्यंत उत्तरांना कमी-जास्त वजन देत. सेल्झर यांनी ते केलं नाही. 2008 मध्ये ज्या कारणाने त्या बरोबर ठरल्या, त्याच कारणाने 2024 मध्ये चुकल्या. मागच्या निवडणुकीचा दोर कापून ठेवला होता. त्या दोराने त्यांना तेव्हा अडवलं नाही आणि आता सावरलंही नाही.

मात्र एवढ्यावर निकाल लावता येत नाही. निवडणुकीनंतर सेल्झर यांनी आपल्याच आकड्यांची चिरफाड केली, वेगवेगळी वजनं लावून पाहिली, आणि ते सगळं जाहीर केलं. चुकीचा पूर्ण उलगडा करणारी एकच अशी गोष्ट सापडली नाही. मला वाटतं त्या शेवटच्या आठवड्यात फोन उचलणारा आणि न उचलणारा यांच्यातच काहीतरी अंतर पडलं होतं, जे वय, लिंग, मतदारसंघ यांच्या रकान्यांत मावत नाही.

दुसरा उपाय फार सोपा होता आणि तो त्यांनी वापरला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. आकडा विचित्र आला, तर तो दाबायचा, किंवा थोडा इतरांसारखा करायचा. 2024 मध्ये अटीतटीच्या राज्यांत इतक्या चाचण्या बरोबरीच्या येत होत्या की गणिताने ते शक्य वाटत नाही, हे सिल्व्हर यांनी मतदानाआधीच लिहिलं होतं. सगळे एकमेकांच्या आडोशाला उभे होते. सेल्झर यांना ठाऊक असणारच की हा आकडा चुकला तर आयुष्यभराचं नाव जाईल. त्यांनी तो आला तसा छापला.

पुढे जे झालं ते वाईट झालं. 17 नोव्हेंबरला सेल्झर यांनी जाहीर केलं की त्या निवडणुकीच्या चाचण्या सोडत आहेत. हा निर्णय वर्षभरापूर्वीच रजिस्टरला कळवला होता, असं त्यांनी त्याच लेखात लिहिलं. तो लेख न वाचता ‘चोरी पकडली म्हणून पळाल्या’ असं हजारोंनी लिहिलं. ट्रम्प यांनी चौकशीची मागणी केली आणि 16 डिसेंबरला सेल्झर, रजिस्टर आणि त्याची मालक कंपनी गॅनेट यांच्यावर खटला भरला. तोही आयोवाच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली, ज्याचा जन्म खोट्या जाहिराती आणि फसवी विक्री रोखण्यासाठी झाला. सेल्झर यांनी आयोवाच्या सार्वजनिक टीव्हीवर विचारलं की असं करण्यात माझा हेतू तरी काय असणार? याचं उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. हरणाऱ्या उमेदवाराला तीन दिवस जिंकताना दाखवून, स्वतःची चाळीसेक वर्षांची पत घालवून कुणाला काय मिळालं असतं?

आणि दुसऱ्या टोकाला, तोच आकडा घेऊन काही हॅरिस समर्थक म्हणू लागले की सेल्झर बरोबरच होत्या, मतमोजणीत घोळ झाला. आयोवात मतं कागदावर पडतात, यंत्राने मोजतात, आणि मग निवडक ठिकाणी हाताने मोजून पडताळतात.  पण दोन्ही टोकांना एक गोष्ट सोसवत नव्हती: नेकीने केलेलं काम चुकू शकतं. म्हणून एकाने चाचणीला खोटं ठरवलं, दुसऱ्याने निकालाला.

खटला मग राज्याच्या न्यायालयातून संघराज्याच्या न्यायालयात गेला. 30 जून 2025 ला ट्रम्प यांनी तो तिथून मागे घेऊन पुन्हा राज्याच्या न्यायालयात दाखल केला. अशा खटल्यांपासून बोलणाऱ्याला संरक्षण देणारा आयोवाचा नवा कायदा दुसऱ्या दिवशी, 1 जुलैला, लागू होणार होता.

परवा मामेभाऊ सुट्टीला आला होता. जेवताना आयोवाचा विषय निघालाच. मी त्याला विचारलं, ‘तुला कधी आला होता का रे असा फोन?’ तो म्हणाला, ‘आला असेल ताई, किती येतात. मतदान जवळ आलं की दिवसाला आठ-दहा. नंबर ओळखीचा नसला तर मी उचलतच नाही.’ मामी म्हणाली, ‘आणि सूनबाई?’ तो हसला. ‘ती तर फोन सायलेंटवरच ठेवते.’